कार्डाचं बारसं

सिल्वासाच्या त्या कारखान्यात इंग्रजीचा वर्ग पहिल्याच प्रश्नावर अडला. फळ्यावर प्रश्न लिहिला होता: तुझं नाव काय? इंग्रजीत विचारायचा, इंग्रजीत उत्तर द्यायचं. पहिल्या बाकावरचा माणूस उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात फिरवू लागला. मी उत्तराचे पहिले दोन शब्द सांगून पाहिले.

"ते समजनं, सर," तो म्हणाला. "पन कोनतं सांगू? घरनं का कार्डनं?"

वर्ग हसला. मागे भिंतीला टेकून बसलेला पर्सोनेल ऑफिसर हसला नाही. "कार्डावरचं," तो म्हणाला.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बी. ए. होऊन मी राजापूरकडून सिल्वासाला आलो होतो. केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय हे घरी कोणाला सांगता येत नसे. महाराष्ट्र सोडायचा, गुजरातेत वापीला उतरायचं आणि शेअर रिक्षाने पुन्हा एक हद्द ओलांडायची, एवढं ऐकून आई लोकांना मुलगा परमुलखात आहे असं सांगे. सकाळी एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवी. एकाच वर्गात घरी गुजराती, हिंदी, मराठी आणि वारली बोलणारी मुलं असत आणि शिक्षकाला हसताना ती चारही भाषा वापरत. राहायला गावातल्या आमली भागात दुकानावरची खोली होती. शेजारी बार होता. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे शनिवारी पलीकडचे लोक प्यायला येत आणि जिन्यातच झोपत. सकाळी त्यांना ओलांडून खाली उतरावं लागे. घरमालक त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओती, मग जिना झाडून घेई.

कारखाना धाग्याचा होता. पॉलिएस्टरचा धागा यंत्रावर पीळ देऊन बॉबिनवर गुंडाळायचा, बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची, धागा तुटला की चालू यंत्रात हात घालून सांधायचा. युरोपातलं एक मोठं गिऱ्हाईक कारखाना पाहायला येणार होतं. त्याच्याशी दोन वाक्यं बोलतील असे कामगार मुंबईच्या ऑफिसला हवे होते. म्हणून पहिली पाळी सुटली की कँटीनमध्ये माझा वर्ग भरे. पर्सोनेल ऑफिसर मुंबईचा, मूळचा आमच्याच बाजूचा. तो मला मास्तर म्हणे. कामगार त्याला साहेब म्हणत.

कार्डाचा प्रकार मला हळूहळू समजला. यंत्रावरची माणसं कंपनीची नव्हती, ठेकेदाराची होती. ठेकेदाराचा माणूस सलग बरेच महिने कामावर राहिला तर तो कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, म्हणून त्याआधीच त्याला ब्रेक देत, म्हणजे काढत. नवख्याला खरोखरच गावी धाडत. हात बसलेला माणूस घालवणं मात्र परवडत नसे. त्याचं नाव हजेरीतून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला दुसऱ्या नावाचं गेटकार्ड देऊन आत घ्यायचं. कार्डावर फोटो नसे. नावं ठेकेदार आणी, खानदेशातल्या आपल्या गावची, बहुतेक नात्यातलीच. ती माणसं खरी होती. कोणी शेतात असे, कोणी पारावर. आपल्या नावाने सिल्वासात कोणीतरी राबतो हे त्यांना माहीत असे आणि त्याबद्दल ठेकेदार त्यांना दिवाळीला कपडा घेई.

यात कोणी काही लपवत नव्हतं. कामगार याला सवलत समजत. ठेकेदाराला सगळे मामा म्हणत आणि मामाने नाव दिलं असं सांगताना कोणी आवाज खाली करत नसे.

नवं कार्ड मिळालं की बारसं होई. चहाच्या सुट्टीत त्या माणसाला बॉबिनच्या हातगाडीत बसवत, दोघं-तिघं गाडी पाळण्यासारखी मागे-पुढे ढकलत, एकजण कानाशी तोंड नेऊन कुर्र करी आणि नवं नाव ओरडे. भजी ज्याचं बारसं त्याच्याकडून. पुढचे काही दिवस मुद्दाम जुन्या नावाने हाक मारत. वळून पाहिलं की पाठीत धपाटा. नव्या नावाला ओ दिली नाही तरी धपाटा. सुपरवायझरही या खेळात असत. एका माणसाला नवं नाव लक्षात राहीना. हजेरीच्या वेळी तो गप्प उभा राहिला, सुपरवायझरने त्याच्याकडे पाहत पुढचं नाव घेतलं आणि त्याची गैरहजेरी मांडली. तो पाळी संपेपर्यंत यंत्रावर होता. संध्याकाळी सुपरवायझरने त्याला सांगितलं की आज तू आलाच नव्हतास, आणि आजूबाजूचे पोट धरून हसले. तोही हसला.

पहिल्या बाकावरचा तो माणूस कारखान्यातला सर्वांत जुना ऑपरेटर. वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण आठवीपर्यंत. नावं बदलती असल्यामुळे लोक एकमेकांना भाऊ, दादा असंच म्हणत आणि त्याला आप्पा. हे आपलं कितवं कार्ड ते त्याला सांगता येत नव्हतं. इंग्रजी मात्र तो वर्गात सर्वांत लवकर शिकला. यंत्राच्या आवाजात शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे पाळीभर तो वाक्यं मोठ्याने म्हणत राही आणि कोणाला त्रास होत नसे. धागा सांधताना एक वाक्य, बॉबिन बदलताना दुसरं.

त्याला कायम व्हायचं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. कायम माणसाला कारखान्यामागच्या चाळीत खोली मिळे. बायको आणि मुलगी गावी त्याच्या भावाच्या घरात होत्या आणि भावाने जागा रिकामी करा म्हणून तगादा लावला होता. चाळीतली एक खोली रिकामी होती. आप्पा पाळी सुटल्यावर कधीकधी तिथे जाऊन खिडकीतून आत पाहून येई. पोरं विचारत, "आप्पा, चूल कोठे मांडशी?" तो कोपरा दाखवे.

पाहुणा येण्याच्या आधी साहेबाने माझ्यासमोर त्याची तालीम घेतली. नाव कार्डावरचं सांगायचं. काम किती वर्षं, तर बरीच. नोकरी कायम. शेवटच्या वाक्याला आप्पा थांबला.

"पन मी परमनंट नही ना, साहेब."

"नीट बोललास तर होशील," साहेब म्हणाला. "मग खोटं कसं?"

आप्पाने ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. साहेबाने मान डोलावली आणि मला म्हणाला की मास्तर, हा तुमचा हुकमी एक्का.

पाहुणा आला त्या दिवशी सगळ्यांना नवे निळे शर्ट आणि टोप्या दिल्या होत्या. छातीवर कार्डावरच्या नावाचा बिल्ला. पाहुणा उंच, वयस्कर, कानात कापूस घातलेला. तो यंत्रांमधून फिरत आप्पासमोर थांबला, तशी जवळची यंत्रं बंद केली. ठरलेले प्रश्न झाले, ठरलेली उत्तरं झाली. मग त्याने तालमीत नसलेला प्रश्न विचारला. या कामात सर्वांत अवघड काय? साहेबाने माझ्याकडे पाहिलं. आप्पाने हातातली बॉबिन गाडीत ठेवली. मग तो तुटक पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की आवाज. मी घरी गेलो तरी मोठ्याने बोलतो. माझ्या मुलीला वाटतं बाप रागावला आहे.

पाहुणा हसला, मग हसायचा थांबला. त्याने आप्पाचा हात दोन्ही हातांत धरला, पुन्हा नाव विचारलं, बिल्ल्यावरून नीट वाचलं आणि बरोबरच्या माणसाला टिपून घ्यायला सांगितलं. निघताना मुंबईच्या मालकांना त्याने त्या एका माणसाबद्दल सांगितलं. अशी माणसं कंपनीने जपली पाहिजेत, असं काहीतरी. महिन्याभरात मुंबईहून हुकूम आला की या नावाच्या कामगाराला कायम करा आणि खोली द्या.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत आप्पाला हातगाडीत बसवलं. बारसं नव्हतं, तरी बसवलं. गाडी फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. संध्याकाळी त्याने आमलीच्या एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि बायकोला निरोप ठेवला की सामान बांध, ये.

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या वेळा ठरवायला मी साहेबाच्या केबिनमध्ये बसलो होतो. आप्पाला आत बोलावलं. मागोमाग ठेकेदार आला. त्याच्याबरोबर विशीतला एक मुलगा होता, इस्त्रीचा शर्ट, पायात नवी चप्पल. साहेब म्हणाला की हुकूम आलेला आहे, कायम करायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आप्पा म्हणाला, दाखला गावी आहे, बायको येतेय, तिच्याबरोबर मागवतो.

"तुझ्या नावाचा दाखला घेऊन काय करू?" साहेब म्हणाला. "ऑर्डर या नावाची आहे."

ठेकेदाराने मुलाला पुढे केलं. तो त्याचा सख्खा भाचा. आप्पाच्या छातीवर होतं ते नाव त्याचं होतं. जन्मापासून. दाखला त्याच्या खिशात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला.

आप्पाला समजायला वेळ लागला नाही. तो ठेकेदाराकडे वळला. "मामा, तुम्ही सांगा ना. बोलनारा मी व्हतू."

"तूच व्हता रे. कोन नही म्हनस?" ठेकेदार म्हणाला. "पन नाव कोनं?"

आप्पा टेबलाजवळ सरकला. मग साहेबाकडे पाहून इंग्रजीत म्हणाला की सर, तो माणूस मी आहे. वाक्य बरोबर होतं.

"इंग्रजी पाहुण्यांसाठी," साहेब म्हणाला. "माझ्याशी मराठीत बोल."

आप्पाने तेच मराठीत सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं. म्हणाला की मुंबईला काय कळवू? इतकी वर्षं आम्ही खोट्या नावाने माणूस ठेवला म्हणून? मग तुझ्याबरोबर सगळेच घरी जातील, बघ. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने बिल्ला मागितला. आप्पाने टाचणी काढून तो टेबलावर ठेवला. ठेकेदाराने उचलून भाच्याच्या शर्टाला लावला, तिरका लागला म्हणून सरळ केला आणि आप्पाच्या हातात दुसरं कार्ड दिलं. ते आधीच तयार होतं. भाच्याने यंत्र पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला काम शिकवायचं आप्पावर सोपवलं.

चहाच्या सुट्टीत पोरांनी बारसं केलंच. कुर्र करणाऱ्याने कानात नाव ओरडलं आणि पुढे म्हणाला, "आप्पा, हाई तरी कोना भाच्यानं नही ना?" सगळे हसले. भजी आप्पाने दिली.

बायको आणि मुलगी दोन दिवसांनी वापीच्या गाडीने आल्या. गावचं सामान दिराच्या ओट्यावरून उचलून आणलं होतं, म्हणजे परत जायला जागा नव्हती. चाळीतल्या खोलीला आता कुलूप होतं आणि किल्ली भाच्याकडे. पण भाच्याला स्वयंपाक येत नव्हता आणि खाणावळीचं तिखट त्याला सोसेना. ठेकेदाराने तोड काढली. बाईने दोन वेळचा स्वयंपाक करावा, धुणं-भांडी करावी, तिघांनी बाहेरच्या ओट्यावर बांबूच्या ताट्यांचा आडोसा करून झोपावं. ठेकेदाराने हे उपकार म्हणून सांगितलं आणि ते तसंच घेतलं गेलं.

मी एका रविवारी तिथे जेवलो. आप्पानेच आग्रह केला होता. आत चटईवर भाचा आणि मी बसलो. आप्पा दारात, उंबऱ्याबाहेर पाय ठेवून. बाई चुलीपाशी होती, त्याने पूर्वी दाखवलेल्याच कोपऱ्यात. भाचा तिला काकू म्हणे. वाईट बोलत नव्हता. भाकरी गार आहे, गरम दे, एवढंच म्हणाला आणि पुढ्यातली भाकरी दाराकडे सरकवली. आप्पाने ती घेतली. मुलगी ओट्यावर बसून काहीतरी लिहीत होती. बापाने तिला हाक मारली तेव्हा ती दचकली, कारण तो खरंच मोठ्याने बोलत असे.

वर्ग चालूच राहिला. भाचा कायम कामगार, म्हणून पहिल्या बाकावर बसे. त्याला काही येत नसे आणि यायची गरजही वाटत नसे. मागच्या बाकावरून आप्पा त्याला उत्तरं पुरवी. पोरं म्हणत की इंग्लिश आप्पानं, खोली भाच्यानी. हे वाक्य वर्गात पुष्कळ दिवस चाललं, मग जुनं झालं.

पुढच्या वर्षी तोच पाहुणा पुन्हा आला. आल्या आल्या त्याने आपल्या माणसाची चौकशी केली. नाव त्याच्या लक्षात होतं. साहेबाने जवळची यंत्रं बंद करवली, त्याला भाच्यासमोर नेऊन उभं केलं आणि शेजारच्या यंत्रावरून आप्पाला मदतनीस म्हणून बोलावून घेतलं. निळे शर्ट, निळ्या टोप्या सारख्याच होत्या. पाहुण्याने चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नाही, बिल्ल्याकडे पाहिलं आणि भाच्याचा हात दोन्ही हातांत धरला. मग विचारलं की मुलगी कशी आहे? अजून तिला वाटतं का बाप रागावलाय?

भाच्याला शब्दही कळला नाही. तो हसत राहिला. साहेब पुढे होऊन म्हणाला की त्याचा घसा बसला आहे, आज तो बोलणार नाही, तो याच्या कानात सांगेल आणि हा तुम्हाला सांगेल. त्याने आप्पाकडे बोट केलं.

आप्पाने प्रश्न अहिराणीत भाच्याला सांगितला. भाचा गोंधळून म्हणाला, "मन्ही कसानी पोर?" आप्पा पाहुण्याकडे वळला. साहेब त्याच्याकडे पाहत होता, ठेकेदार पाहत होता, यंत्रावरची पोरं धागा सोडून पाहत होती. सगळ्यांना माहीत होतं की या क्षणी तो काय बोलू शकतो, आणि ते बोलण्याइतकं इंग्रजी त्या शेडमध्ये दुसऱ्या कोणा कामगाराला येत नाही.

तो म्हणाला की मुलगी बरी आहे. ती आता इथेच राहते, बापाजवळ. कंपनीने खोली दिली.

पाहुण्याला आनंद झाला. त्याने आणखी दोन-चार प्रश्न विचारले. आप्पा प्रत्येक प्रश्न भाच्याला सांगे, भाचा काहीतरी पुटपुटे आणि आप्पा स्वतःचं उत्तर इंग्रजीत देई. शेवटी पाहुण्याचं त्याच्याकडे लक्ष गेलं. तुझं इंग्रजी फार चांगलं आहे, तो म्हणाला. कोणी शिकवलं?

मी चार हातांवर उभा होतो. आप्पाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने भाच्याकडे हात केला आणि इंग्रजीत म्हणाला, "हा माझा शिक्षक, सर."

पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. मुंबईच्या लोकांनीही वाजवल्या. जाताना पाहुण्याने भाच्याला एक घड्याळ दिलं आणि इतरांना शिकवणं असंच चालू ठेव म्हणून सांगितलं. आप्पाने त्याचंही भाषांतर करून दिलं.

गाड्या गेल्यावर साहेबाने मला केबिनमध्ये चहा दिला. तो समाधानी होता. म्हणाला की मास्तर, आज नाक राखलंत. मग कपात फुंकर घालत म्हणाला, "पण त्याला जरा जास्तच शिकवलंत. उद्या दुसरा कोणी पाहुणा येईल, हा समोर असेल, आणि याला वाटलं तर?"

आप्पाचा पुढचा ब्रेक महिन्याभरावर होता. त्या दिवशी त्याने कार्ड जमा केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं घ्यायला फाटकावर उभा राहिला. ठेकेदार आला, बाकीच्यांची कार्डं वाटली आणि त्याला म्हणाला, "नावं सरनीत, आप्पा."

तो दुपारपर्यंत फाटकावर होता. वॉचमनने त्याला सावलीत बसू दिलं. नंतर दादरा भागातल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात त्याला पॅकिंगमध्ये काम मिळालं. तिथे इंग्रजी लागत नव्हतं. राहायला जागा नव्हती, रात्री शेडमध्येच झोपावं लागे, म्हणून बायको आणि मुलगी चाळीतल्या ओट्यावरच राहिल्या. भाच्याला जेवण लागतच होतं.

तो दर रविवारी यायचा. मी सिल्वासा सोडून मुंबईला वर्तमानपत्रात लागलो, त्याच्या आदल्या रविवारी त्याला भेटायला गेलो. आत भाचा जेवत होता, हातात ते घड्याळ. आप्पा ओट्यावर ताटीला टेकून बसला होता. मी निघतोय म्हणून सांगितलं, तो बरं म्हणाला. आतून भाच्याने पाणी मागितलं. बाई भाकरी थापत होती, तिचे हात पिठाचे होते. आप्पा उठला, पाणी नेऊन दिलं आणि परत येऊन, भाचा जेवून उठेपर्यंत, आपल्या जेवणाची वाट पाहत ओट्यावर बसला.